पुठ्ठ्याची बदकं

कात्रीमामांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर असायचं आणि त्यात कात्री असायची. चष्मा कपाळावर असे, नाहीतर हरवलेला असे. कात्री मात्र मी कधी हरवलेली पाहिली नाही. कुणी लग्नपत्रिका आणून दिली की ते ती उलटसुलट करून बघत, गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर सफाईनं कापून घेत आणि पत्रिका परत देत. "येतो लग्नाला," म्हणत. "ही दुसऱ्या कुणाला द्या. उंदीर नसला म्हणून कुणी यायचं थांबत नाय."

त्यांचं खरं नाव कारखान्यात फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई, आणि तेव्हाही दोन-तीनजण विचारत, हा कोण.

कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होता. एका बाजूला रद्दीचा लगदा होऊन पुठ्ठा बनायचा, दुसऱ्या बाजूला त्या पुठ्ठ्याची खोकी. साबणाची, औषधांची, बल्बची. त्या वर्षांत वाळूजकडे रोज नवी शेड उभी राहत होती आणि प्रत्येक शेडला खोकी लागत होती. खोक्यांवरची चित्रं मामा करायचे. मी कॉलेज संपवून तिथं लागले ती इंग्रजी पत्रव्यवहारासाठी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, नन्सची. मराठी घरी बोलायचे तेवढीच. कारखान्यात तोंड उघडलं की आपण पाठ्यपुस्तकातलं वाक्य म्हणतोय असं वाटे, म्हणून 'हो', 'नाही' आणि 'बघते' एवढ्यावर मी भागवत असे. माझं टेबल आणि मामांचं टेबल एकाच खोलीत होतं, मध्ये एक लोखंडी कपाट. ते कपाट मला फार आवडायचं.

एक दिवस कपाटाच्या कडेनं डोकं बाहेर आलं. "मॅडम, राग मानू नका. तुमच्या चालण्यातली दोन चित्रं गायब हायत."

"बघते," मी म्हणाले.

मग त्यांनीच समजावून सांगितलं. लोकांना माणूस चालताना दिसतो. मामांना टाच उचललेली दिसे, मग गुडघा, मग खांदा पुढे आलेला, सगळं सुटंसुटं, एकामागून एक ठेवलेल्या पत्त्यांसारखं. "तुम्ही दारात दिसता आन् एकदम खुर्चीत दिसता. मधलं कुठं जातं?" मालकांबद्दल त्यांचं मत असं होतं की आधी पोट येतं, मालक मागून येतात. रद्दीच्या शेडमधल्या कांताबाई चालतच नाहीत, एकटीनं मोर्चा काढतात. हे ते कांताबाईंच्या तोंडावर म्हणत, आणि कांताबाई म्हणत, "मग या की मागून घोषणा द्यायला."

पेन्सिल ते वापरत नसत. "पेन्सिलीनं चुकलं तर खोडता येतं. म्हणून माणूस चुकत राहतो. कात्रीनं एकदा कान उडाला की ससा बिनकानाचा. मग त्या सशाला जन्मभर सांभाळायचं." त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असा एक ससा खरोखर होता.

आणि ते माणसांची चित्रं करत नसत. साबणाच्या कंपनीला खोक्यावर हसरी बाई हवी होती. मामांनी हसरी म्हैस करून दिली. कंपनीनं ती घेतली नाही. मालक चिडले, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "माणूस काढला की लोक आधी आडनाव विचारतात. म्हशीला कुणी विचारत नाय."

याचा अर्थ कळायला त्या वेळचं औरंगाबाद माहीत हवं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून मराठवाडा तेव्हा वर्षानुवर्षं धुमसत होता. मी लहान असताना खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली गेली होती. नामांतर तसंच अडकून पडलं होतं आणि कुठला तरी मोर्चा, कुठला तरी बंद ते दरवर्षी पुन्हा वर काढायचा. कारखान्यात कुणी भांडत नसे, कारण मशीन सगळ्यांनी मिळून चालवायचं होतं. पण कॅन्टीनमध्ये टेबलं आपोआप वेगळी होत. नवा माणूस आला की त्याला पूर्ण नाव विचारलं जाई, 'पूर्ण' या शब्दावर जरा थांबून, आणि मग तो कुठं बसणार ते ठरे. मलाही विचारलं होतं. मामांनी विचारलं नाही. मी तिथं होते तोवर कधीच नाही.

परदेशातली रद्दी मोठ्या गाठी बांधून आमच्याकडे यायची. ती निवडायचं काम कांताबाईंचं. रंगीत चित्रं दिसली की त्या मामांसाठी बाजूला ठेवत आणि बदल्यात मामा त्यांच्या नातीला कागदाचे पक्षी कापून देत. एका दुपारी त्या एक फाटकं मासिक घेऊन आल्या. त्यात रंग नव्हता. काळे-पांढरे फोटो होते: मालगाडीचे डबे, फलाटावर पेट्या घेऊन उभ्या असलेल्या बाया, कोट घातलेली लहान मुलं, आणि प्रत्येक कोटावर कापडाची एक चांदणी शिवलेली.

"मॅडम, काय लिव्हलंय?" मामांनी विचारलं.

मी वाचलं आणि माझ्या त्या पाठ्यपुस्तकी मराठीत सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीनं ज्यू लोकांना आधी कपड्यांवर ही खूण शिवायला लावली. मग त्यांना मालगाड्यांत भरून छावण्यांत नेलं. तिथं मारलं, लाखोंनी, मुलांसकट. एका फोटोखाली एका आईची हकिगत होती. ही नुसती नोंद आहे असं तिला वाटलं होतं. मुलाला कुणी हसू नये म्हणून वाकडी झालेली चांदणी तिनं उसवून पुन्हा सरळ शिवली होती. पुढची पानं नव्हती.

कांताबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आडनावंच शिवली म्हना की कोटावर." आणि शेडकडे निघून गेल्या.

मामा त्या आठवड्यात एकाही खोक्याचं चित्र करू शकले नाहीत. मग एक दिवस त्यांनी साबणाच्या नापास खोक्यांमधून बदकं कापायला घेतली.

त्यांच्या भाच्यानं दुबईहून एक छोटा सिनेमा कॅमेरा आणून दिला होता. मामांनी तो लोखंडी अँगलच्या स्टँडवर उलटा टांगला, खाली काच ठेवली, काचेवर बदकं. बदकांच्या माना आणि पाय दोऱ्यानं जोडलेले. एक फोटो घ्यायचा, बदक जरासं सरकवायचं, पुन्हा फोटो. सगळे फोटो भरभर दाखवले की बदक चालतं. रीळ धुवायला मुंबईला पाठवावं लागे आणि ते परत येईपर्यंत आपण काय केलंय ते कळत नसे. यात वर्षं गेली. मामांचा जवळजवळ सगळा बोनस गेला आणि, असं ते म्हणत, डोक्यावरचे उरलेले केस.

सरकवायचं काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही. मामांना कॅमेऱ्याचं बटण दाबायला वर उभं राहावं लागे म्हणून असेल. "राईएवढं," ते म्हणत. मी राईएवढं सरकवे. "आता तिळाएवढं." जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी सुटल्यावर बस येईपर्यंत आम्ही हेच करत असू. त्या खोलीत बोलावं लागत नसे, आणि तरी कुणाबरोबर तरी असल्यासारखं वाटे. त्या दिवसांइतकं निवांत मला नंतर क्वचितच वाटलं.

गोष्ट साधी होती. एका तळ्यावर खूप पाखरं राहतात. एक दिवस टोपी घातलेला बगळा येतो. अगदी पांढरा, अगदी सभ्य. तो एका काठावरच्या बदकांच्या पाठीवर लाल ठिपका लावतो. बाकीच्या कोंबड्या, चिमण्या, कावळे बघत असतात. मग गाडी येते. औषधांच्या खोक्यांचे डबे. ठिपकेवाली बदकं डब्यांत भरली जातात आणि गाडी जाते. एक कोंबडी तेवढी बदकाच्या एका पिल्लाला पंखाखाली घेते आणि त्यावर बसून राहते. वर्षं जातात. पिल्लू मोठं होऊन तळ्यावर येतं आणि विचारतं, कोणी आहे का. तळं रिकामं असतं.

मालकांनी एकदा खोलीत डोकावून विचारलं, "यात आपल्या खोक्यांची काही जाहिरात होईल का?"

"बदकं तुमच्याच मालाची हायत," मामा म्हणाले. खरंच होतं ते. एक बदक वळलं की त्याच्या पंखाखाली क्षणभर 'मोफत' हा शब्द दिसे. तो सिनेमात तसाच राहिला.

बगळाच का, कोल्हा का नाही, असं मी एकदा विचारलं. तेव्हा काच पुसता पुसता ते स्वतःबद्दल बोलले. ते कन्नडकडच्या एका गावचे, चांगल्या जमीनदार घरातले. "गावाच्या कडेला एक घर व्हतं. तिथला पोरगा माझ्या वर्गात. मातीचे बैल असे करायचा की शेपटी हलंल वाटायचं. मी त्याच्याकडूनच शिकलो. ज्या साली गावं पेटली त्या साली ते घर गावातून उठलं. आमच्याकडं कुणी जाळलं नाय काय नाय. सगळे सभ्यच. नुसतं त्यांचं पीठ दळायचं बंद केलं, दुकानातून त्यांना माल द्यायचं बंद केलं. मी सुट्टीत गेलो तर घर रिकामं. कुठं गेले, कुणी विचारलं नाय." मग काच उजेडात धरून म्हणाले, "मीबी नाय विचारलं. म्हणून बगळा."

हा सिनेमा त्यांना गावात दाखवायचा होता. एवढंच हवं होतं. पण आधी कारखान्यात, कारण इथल्या लोकांना कळला तर तिथं कळेल.

सिनेमा मुका होता. गोष्ट मामा स्वतः प्रोजेक्टरशेजारी उभे राहून सांगणार होते. पिल्लाचा आवाज मात्र त्यांना माझा हवा होता. मी नाही म्हणाले होते. त्यांनी आग्रह केला नाही. "त्या जागी मी गप राहीन," म्हणाले. "वाटलं तर बोला. 'हाय का' म्हणायचं नाय, तुमच्यासारखं 'आहे का' म्हणा. पिल्लू कोंबडीकडं वाढलंय, भाषा वेगळीच असणार त्याची."

एका शनिवारी पाळी सुटल्यावर कॅन्टीनच्या खिडक्या पुठ्ठ्यांनी बंद केल्या आणि भिंतीवर चादर लावली. मालक पुढच्या खुर्चीत. बाकी माणसं सवयीनं आपापल्या टेबलांवर, अंधारातही वेगळी. कन्नड, देवगाव, लासूरकडची माणसं नेणारी कारखान्याची बसही थांबवून ठेवली होती.

पहिलं रीळ सुरू झालं. बदकं चालली तेव्हा लोक खूष झाले. माझ्या बोटांनी चाललेली बदकं मला ओळखू येत होती. मग बगळा आला, त्यानं ब्रश काढला आणि पहिल्या बदकाच्या पाठीवर लाल ठिपका लावला.

"हां, हे बेस केलं," अंधारातून आवाज आला. तो बिरूचा होता. बिरू ट्रक भरायच्या कामावर होता. देवगाव रंगारीकडचा, घरी अजून मेंढरं. "आता दुसऱ्याच्या कळपात मिसळायची नायत. आमीबी गेरू लावतो."

"धनी चांगला हाय," शेजारचा म्हणाला. "सफेद कपडे घालून येतोय मेंढरं मोजायला."

सगळे हसले. दोन्हीकडची टेबलं. प्रत्येक ठिपक्याला कुणीतरी म्हणे, "हा आपला. हा पण आपला." त्यांच्या घरी लाल ठिपका म्हणजे कुणीतरी सांभाळणारं आहे, हरवलं तर शोधायला येणारं आहे. मामांचा सांगण्याचा आवाज बारीक होत गेला आणि रीळ संपायच्या आधीच थांबला.

दिवा लागला. मामा स्टुलावर बसले होते. दुसरं रीळ मांडीवर, आणि हातात चष्म्याचं घर.

"खूणच चुकली," ते मला म्हणाले. "एवढी वर्षं गेली आन् खूणच चुकली. यांना तो सांभाळ वाटला. मशीन बिघडलं सांगतो. हे रीळ नाय लावायचं."

ते कात्री काढत होते. कागदाची कात्री फिल्मवर कशी चालते हे मी पाहिलेलं होतं. फार सहज चालते.

"त्या आईलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले.

कात्री घरातून अर्धीच बाहेर आली होती.

"मासिकातली. तिलाही वाटलं होतं की ही नोंद आहे. म्हणून तर तिनं उसवून सरळ शिवली. बिरूला जे वाटलं तेच तिला वाटलं होतं. खूण बरोबर आहे, मामा. त्यांना हसू द्या. गाडी अजून यायची आहे."

इतकं मी त्या कारखान्यात एका दमात कधी बोलले नव्हते. आणि तोवर मी त्यांना सर म्हणत होते.

कांताबाई मागच्या टेबलावर होत्या. पहिल्या ठिपक्यालाच त्यांनी पदर तोंडाशी धरला होता, तो अजून तसाच होता. तिथूनच म्हणाल्या, "मामा, लावा. बस जाईल न्हायतर."

मामांनी कात्री घरात ठेवली आणि रीळ लावलं.

गाडी आली तेव्हा अजून कुणीतरी हसत होतं. पहिल्या डब्याचं दार उघडलं आणि ठिपकेवाली बदकं एकेक करून आत जायला लागली. हसू कुठं थांबलं ते नेमकं सांगता येणार नाही. "अरे," बिरू म्हणाला. "अरे, ठिपकेवालीच का नेतोय?" बेंच सरकल्याचा आवाज झाला. तो उभा राहिला होता, आणि मागच्यांनी त्याला बस म्हटलं नाही. मामाही सांगायचे थांबले होते.

शेवटी तळं आलं. पिल्लू आलं, थोडं मोठं झालेलं. त्याची चोच मी स्वतः उघडली होती, तिळाएवढी. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कोणी आहे का?" मी म्हणाले.

आवाज फारच लहान निघाला. चोच पुन्हा उघडली आणि मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"हाय की," बिरू म्हणाला. "ये, हिकडं ये."

मग दुसऱ्या टेबलावरून एकजण म्हणाला, आहे. मग मागून आणखी कुणी. पिल्लू अर्थातच कुणाकडे आलं नाही. ते रिकाम्या तळ्यावर उभं राहिलं आणि रीळ संपलं.

दिवे लागल्यावर मामा डोळे पुसतच बिरूवर रागावले. "तिथं कुणी उत्तर द्यायचं नव्हतं. तळ्यावर कुणी नसतं. तीच तर गोष्ट हाय."

बिरू गोंधळला. "पिल्लू वरडतंय आन् गप बसायचं? आपल्याकडं नाय चालत तसं, मामा."

"चालतंय बिरू," कांताबाई उठता उठता म्हणाल्या. "लई दिस चाललंय."

त्यांचं माहेर कुठं होतं आणि गावं पेटली त्या साली तिथं काय झालं, हे बिरूला माहीत नव्हतं. मलाही बसमध्ये कळलं, कारण त्या दिवशी बिरू त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि त्यानं विचारलं. मी पुढच्या सीटवर होते. त्या चिकलठाण्यापासून क्रांती चौकापर्यंत सांगत होत्या आणि तो त्यांच्याकडे वळून ऐकत होता.

मामांनी सिनेमात काहीही बदललं नाही. फक्त माझा आवाज कॅसेटवर घेतला. मग रविवारी ते प्रोजेक्टर एसटीच्या टपावर बांधून निघत. लासूरला कुणाच्या आडतीत, देवगावला शाळेत, जिथं चादर लावू देतील तिथं. मी कधी न पाहिलेल्या गावांत माझा आवाज विचारून यायचा, कोणी आहे का. त्या जागी मामा आता गप उभे राहत आणि उत्तराची वाट बघत. सोमवारी कारखान्यात आले की डबा ठेवायच्या आधी कपाटाच्या कडेनं सांगत, "लासूरला आलं," किंवा "काल नाय आलं." पावसाची खबर द्यावी तसं. कुठं आलं म्हणून फार हुरळत नसत, आलं नाही म्हणून खचतही नसत. न आलेल्या गावांत ते पुन्हा जात.

स्वतःच्या गावाला मात्र ते टाळत राहिले. अखेर विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. काही दिवस बस बंद होत्या, मग सुरू झाल्या. त्यानंतरच्या एका रविवारी ते न सांगता गेले.

सोमवारी डबा ठेवला गेला, खुर्ची सरकली, कपाटापलीकडून काहीच आलं नाही. मी उठले. दारातून खुर्चीपर्यंत नव्हे, माझ्या टेबलापासून त्यांच्या टेबलापर्यंत गेले, आणि ते मला पूर्ण येताना बघत होते.

"आलं?" मी विचारलं.

"नाय." त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "तुमचा आवाज दोनदा गेला. सगळे चादरीकडं बघत. नाय आलं."

मी कपाटाला टेकून उभी राहिले.

"पण मॅडम, दिवा लागला तरी कुणी उठलं नाय. मी चादर काढली, घडी घातली, प्रोजेक्टर बांधला. बसलेलेच. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, त्या कडेच्या घरातला बैलं करणारा पोरगा आता कुठं असतो."

"मग?"

"मी म्हणलं, मला ठावं नाय. तर म्हातारा म्हणला, चल, हुडकू." मामांनी चष्म्याचं घर उघडलं, टेबलावर पडलेली बल्बची खोकी ओढली आणि कात्री लावली. "येत्या रविवारी निघतोय आम्ही. तुम्ही कॅसेट सांभाळून ठेवा."

पुठ्ठ्यातून हळूहळू एक बैल बाहेर येत होता. शेपटीपाशी ते थांबले, आणि मला जागा करून द्यायला खुर्ची जराशी बाजूला सरकवली. राईएवढी.